कारण : मालक वारले

४ फेब्रुवारी

अप्पा,

नमस्कार. पाच आठवडे झाले, तुमचं पत्र नाही. फोन तुम्हाला ऐकू येत नाही आणि धाकट्याला विचारावं तर तो म्हणतो, "अप्पा मजेत आहेत." त्याच्या लेखी जगात सगळेच मजेत असतात. पेन उचलायचा कंटाळा आला असेल तर निदान तेवढं तरी लिहून कळवा.

मी मात्र आज लिहिणारच आहे, कारण डोकं फिरलंय आणि दुकानात कोणावर ओरडता येत नाही. चष्म्याच्या काचा घासणाऱ्या बाईचा हात रागाने हलला की काच वाया जाते.

आमच्या गटाचं काम मी तुम्हाला शंभरदा सांगितलंय आणि तुम्ही शंभरदा विसरलाय, म्हणून परत सांगते. आम्ही फक्त बॉक्सर जातीचे कुत्रे सोडवतो. चपटं तोंड, लोंबते गाल, खूश झाले की शेपटीसकट अख्खं अंग हलवणारे. लोक रुबाबासाठी आणतात आणि रुबाबाचा कंटाळा आला की टाकतात. कुठूनही फोन आला की कुत्रा आमच्याकडे टप्प्याटप्प्याने येतो. एक गाडीवाला त्याला दोन तास आणतो, पुढच्याच्या हवाली करतो, तो त्याच्या पुढच्याच्या. सोबत एक कागद फिरतो. बाकीची माहिती वाटेत सांडते.

परवा असाच एक आला, चार गाड्या बदलून. पांढरा, चारेक वर्षांचा, ठार बहिरा. पांढऱ्या बॉक्सरांमध्ये ते पुष्कळ आढळतं. आणि कागदावर काय? "देणारा : शेजारी. कारण : मालक वारले." बस्स. कुत्र्याचं नावसुद्धा नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे माणूस गेल्यावर त्याचं कपाट कोणीतरी नेलं असणार, घड्याळ कोणीतरी नेलं असणार, आणि हा जिवंत प्राणी शेजाऱ्याच्या गळ्यात! एकालाही त्याला घेऊन यावंसं वाटलं नाही? आल्यापासून तो फाटकाकडे तोंड करून बसलाय. खातो, पण पाठ आमच्याकडे. मी त्याला चुन्या म्हणते. त्याला ऐकू येत नाही, पण कागदावर काहीतरी लिहावं लागतं.

ते नातेवाईक उद्या रडत दारात आले तरी मी कुत्रा देणार नाही. दिलेला कुत्रा परत मिळत नाही, हा नियम गटात मीच केलाय आणि रडणाऱ्या भल्याभल्यांना मी तो ऐकवलाय.

पत्र लिहा. औषधं वेळेवर घ्या.

तुमची,
ठिणगी

•

१२ फेब्रुवारी

चि. ठिणगीस आशीर्वाद.

हात दुखत होता म्हणून लिहिलं नाही. हात माझा आहे, दुखू शकतो.

तुझ्या पत्रातला आरडाओरडा मला बहिऱ्यालाही ऐकू आला. न पाहिलेल्या माणसांना इतक्या शिव्या देऊ नयेत. मेलेल्या माणसाला कोणी असेल, कोणी नसेल. असतील ते लांब असतील, किंवा त्यांच्याकडे जागा नसेल. शेजाऱ्याने उकिरड्यावर सोडला नाही, तुमच्यापर्यंत पोचवला, यात काहीच चांगलं नाही का? तू लहानपणापासून आधी निकाल देतेस आणि मग चौकशी करतेस.

त्याचं पाणी जमिनीवर ठेवू नकोस. पाटावर ठेव. अशा चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना खाली वाकून प्यायला लागलं की ठसका लागतो म्हणे. गल्लीतला शिंपी सांगत होता. आणि झोपलेला असताना अंगाला हात लावू नकोस, दचकतो. बहिरं जनावर दचकणारच. आधी पायाने जमीन थोडी हादरव, मग जा.

एवढा जीव तुटतो तर तूच का ठेवत नाहीस? तुझं घर तळमजल्यावर आहे, मागे अंगण आहे. एकटी असतेस. दुसऱ्यांच्या घरांची पाहणी करत फिरतेस, स्वतःच्या घरात डोकावून बघ.

तुझे,
अप्पा

•

१९ फेब्रुवारी

अप्पा,

पाटाची युक्ती चालली. शिंप्याला माझा नमस्कार सांगा. शिंपी आणि कुत्रे, हे नवीनच.

बाकी तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस दातओठ खात होते. तुम्ही मला सांगताय कुत्रा ठेव म्हणून? तुम्ही? अप्पा, मी नऊ वर्षांची होते. बटण नावाचं तपकिरी पिल्लू होतं, एक कान फाटका. अकरा दिवस होतं आपल्या घरात. मी शाळेतून आले आणि ते नव्हतं. "माझ्या घरात कुत्रा राहणार नाही. कारखान्याच्या वॉचमनला दिलाय, तिथे त्याला दूध मिळतं," असं तुम्ही म्हणालात आणि जेवायला बसलात. मी वर्षभर दर शनिवारी खिळ्यांच्या कारखान्याच्या फाटकापाशी उभी राहायचे. वॉचमन म्हणायचा, आत आहे, झोपलंय. वर्षभर झोपलेलंच! आईने समजूत घातली नसती तर अजून तिथेच उभी असते. आज बेचाळीस वर्षांनी तुम्हाला माझ्या अंगणाची आठवण झाली होय?

मी ठेवत नाही याला कारण आहे. आलेल्या प्रत्येकावर जीव जडतो. मी एक ठेवला की दुसऱ्याला जागा राहत नाही, मग माझा उपयोग संपला. गेल्या सात वर्षांत साठ बॉक्सर माझ्या हातून घरी गेले. एकही ठेवला नाही. मला त्याचा अभिमान आहे आणि त्याने माझं काय होतं ते मी तुम्हाला लिहिणार नाही.

चुन्याला घर मिळालंय. बेकरीवाला आणि त्याची बायको. मी स्वतः पाहणी केली. कुंपण उंच, माणसं शांत, पहाटे उठणारी. दहा मार्चला, रविवारी सकाळी, घेऊन जातील. एकच अडचण आहे, हा एकही खूण ओळखत नाही. बहिऱ्या कुत्र्यांना हाताच्या खुणा शिकवतात. बस, ये, थांब. आमच्याकडे त्यांचा छापील तक्ताच आहे. मी आणि गटातली केस कापणारी मैत्रीण (माझ्याच हाताखाली तयार झालेली, तिला ओळखता तुम्ही पत्रांतून) दोघी त्याच्यासमोर हातवारे करून थकलो. तो आमच्याकडे असा बघतो जणू आम्हालाच काही झालंय. मालकाने त्याला चार वर्षांत काहीही शिकवलं नाही. मेल्यावरही मला त्या माणसाचा राग येतो.

तुमचं अक्षर का हलतंय? बसून लिहा.

ठिणगी

•

२७ फेब्रुवारी

चि. ठिणगीस आशीर्वाद.

बेकरीवाल्याला कुत्रा देऊ नकोस.

भट्टीच्या घरात उष्णता असते आणि या जातीला उष्णता सोसत नाही. पहाटे उठणारी माणसं दुपारी झोपतात, तेव्हा त्याला बाहेर कोण नेणार? त्याला दुपारी चारला बाहेर जायची सवय असेल. असू शकते. आणि मालकाने काही शिकवलं नाही हे तू कशावरून ठरवलंस? तुमचा तक्ता त्याला येत नसेल. तुमचा तक्ता म्हणजे काय देवाने छापलेला आहे?

तू कायम हेच करत आलीस. हातात आलेली वस्तू चांगली पुसून दुसऱ्याला देतेस आणि मग एकटी बसून चिडतेस. लग्नाच्या वेळीही तेच केलंस. जाऊ दे. तो विषय नको.

बटणचं तू लिहिलंस. त्यावर मी काही लिहिणार नाही.

मी धाकट्याकडे राहायला आलोय. कायमचा. चौथा मजला, लिफ्ट आहे. जुन्या खोल्या सोडल्या. इथे सगळं गुळगुळीत आहे, फरशी, भिंती, माणसं. इमारतीत जनावर आणायला बंदी आहे असा खाली फलक आहे. खिळ्यांच्या कारखान्यात मशीनच्या आवाजात आम्ही हाताने बोलायचो, त्या खुणा इथे कोणाला येत नाहीत. काल चहा हवा होता म्हणून तुझी आई करायची तसं कोपरावर दोनदा ठोकलं, तर सूनबाई धावत मलम घेऊन आली. कोपर दुखतंय का म्हणाली. चांगली आहे ती, पण मला हसावं की रडावं कळेना. शेवटी मलम लावून घेतलं.

बेकरीवाल्याला नाही म्हण. माझं एवढं ऐक.

अप्पा

•

५ मार्च

अप्पा,

तुम्ही मेलात कधी? तारीख कळवा.

नमस्कार करायची आज इच्छा नाही. नीट क्रमाने लिहिते.

काल दुपारी तुमचं पत्र आलं. मलमाचा किस्सा वाचून मला हसू फुटलं. अंगणात केस कापणारी चुन्याची नखं कापून बसली होती, तो लांब फाटकापाशी. मी तिला किस्सा सांगितला. तिला कळेना कसली खूण, म्हणून मी तिला करून दाखवली. डाव्या कोपरावर उजव्या मुठीने दोनदा.

चुन्या उठला. अख्खं अंगण ओलांडून आला, माझ्यासमोर बसला आणि पुढचा पाय माझ्या गुडघ्यावर ठेवला. महिनाभर ज्याने आम्हाला पाठ दाखवली, तो चहाला आला.

मी हात सपाट करून स्वतःकडे ओढला, तुमचं "मशीन बंद". तो आडवा झाला. खांद्यावर दोन बोटं ठेवली, "साहेब येतोय". तो कान मागे घेऊन माझ्यामागे लपला. केस कापणारी म्हणाली, "अगं, हे कुठल्या पुस्तकातलं?" अप्पा, या खुणा येणारी जगात किती माणसं उरलीत? कारखाना बंद होऊन एकोणीस वर्षं झाली.

मग मी फोन करत सुटले. पहिला टप्पा आणणारा निवृत्त टपालवाला आहे. तो म्हणाला, म्हातारे शेजारी होते, पाटीवर लिहून बोलत होते, चार पायांच्या काठीला धरून उभे होते. चार पायांची काठी! मग धाकट्याला धरला. आधी "मजेत आहेत" म्हणाला, मग मी असा आवाज लावला की त्याने सगळं ओकलं. जिन्यावरून पडलात. खुबा मोडला. तीन आठवडे हॉस्पिटल. आणि "ठिणगीला कळवायचं नाही" अशी तुम्ही पाटीवर लिहून त्याच्याकडून शपथ घेतलीत. तोही असा शहाणा की मोडली नाही. त्याची हजेरी मी वेगळी घेणार आहे.

दोन वर्षांपूर्वी मी आले होते तेव्हा तुमच्या काळ्या कोटावर पांढरे केस होते. मी विचारलं तर म्हणालात, शिंप्याकडचा कापूस. आणि मी मूर्खासारखी कोट झटकून दिला.

चार वर्षं तुमच्याकडे कुत्रा होता. तुमच्याकडे! बटणला अकरा दिवस न ठेवणाऱ्या माणसाकडे. मला एका अक्षराने सांगितलं नाहीत. मग त्याला माझ्याच दारात पाठवलंत, चार गाड्यांतून, स्वतःला मारून. आणि मी कागद हातात घेऊन तुमच्याच नावाने खडे फोडले, तेही तुम्हालाच पत्रातून. तुम्ही ते वाचत होतात. मजा आली का?

रविवारी बेकरीवाले येणार आहेत. मी कबूल केलंय. दिलेला कुत्रा परत नाही, हा नियम माझा आहे. मला उत्तर हवं, खरं, आणि रविवारच्या आत. धाकट्याला सांगा, कुरिअरने पाठव. नाही पाठवलंत तर चुन्या बेकरीत जाईल आणि तुम्ही कागदावर आहात तसेच मेलेले राहाल.

ठिणगी

•

७ मार्च

ठिणगी,

उत्तर देतो. मध्ये थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच आणि मग काय करायचं ते कर.

चार वर्षांपूर्वी शिंप्याच्या दुकानामागे एक माणूस कुत्र्याची पिल्लं विकायला घेऊन बसला होता. सगळी गेली, पांढरं राहिलं. टाळ्या वाजवून दाखवायचा, ते वळायचं नाही. शेवटी त्याने ते पोत्यात घातलं आणि पोत्याचं तोंड बांधायला लागला. मी पोतं हिसकावून घेतलं. भांडलो. काय बोललो ते मला ऐकू आलं नाही, पण शिंपी सांगतो की पुरी गल्ली गोळा झाली होती.

त्याला मी नाव ठेवलं नाही. बहिऱ्याने बहिऱ्याला हाक कशाला मारायची? मला दुसऱ्या खुणा येत नव्हत्या म्हणून कारखान्याच्या शिकवल्या. तो माझ्या हाताखाली आलेल्या कुठल्याही पोरापेक्षा लवकर शिकला. तुला कळवायला पेन घेऊन बसलो होतो. तीनदा बसलो. पहिल्या ओळीत "कुत्रा" लिहिलं की दुसऱ्या ओळीत बटण यायचं. तू आलीस तेव्हा त्याला दोन दिवस शिंप्याकडे ठेवला.

डिसेंबरच्या शेवटी जिन्यावर पडलो. तो माझ्यापाशी उभा राहून भुंकत होता. मला ऐकू येत नव्हतं, त्यालाही नव्हतं, पण त्याचं पोट हलताना मला दिसत होतं. शिंपी येईपर्यंत तो भुंकायचा थांबला नाही. आणि अशा जनावराला मी दिलं. पायाने चालता येईना, धाकट्याकडे बंदी, शिंप्याला आता नातवंडं झालीत. तुमच्या गटाचा नंबर तुझ्याच जुन्या पत्रात होता, फोन शिंप्याने केला. मला वाटलं, तुझ्याकडेच जाईल, तू बघशील आणि ठेवशील. खरं नाव लिहिलं असतं तर तू कुत्रा घेतला असतास आणि मला आयुष्यभर ऐकवलं असतंस, की अप्पांनी दुसऱ्यांदा तेच केलं. मेलेल्या माणसावर कोणी रागावत नाही असं वाटलं. तू रागावलीस.

गाडी निघाली तेव्हा तो मागच्या काचेतून माझ्याकडे बघत उभा होता. मी "मशीन बंद" केलं. तो लगेच आडवा झाला. मग दिसला नाही.

आता दुसरं. बटणला मी कोणाला दिलं नव्हतं. वॉचमनला मी सांगून ठेवलं होतं तुला काय सांगायचं ते. त्याला मी सायकलवरून पुलापलीकडे नेऊन सोडलं. ते माझ्यामागे येत होतं. मी थांबून त्याला दगड मारला. लागला. मग ते आलं नाही. त्या वर्षी कारखान्यात संप होता, मी सगळ्या जगावर चिडलेला होतो, पण ते कारण नाही. मला त्याचं भुंकणं सहन होत नव्हतं आणि मी घरातला कर्ता होतो, मला कोणी विचारणार नव्हतं. तू शनिवारी फाटकापाशी उभी असायचीस हे मला माहीत होतं. आतून दिसायचीस. मी मागच्या दाराने घरी जायचो.

माफी मागत नाही. ती मागण्यासारखी गोष्ट नाही. पण तू बेचाळीस वर्षं ज्या माणसावर रागावतेस, त्याने काय केलं ते तुला पूर्ण माहीत असावं. कुत्रा कोणालाही दे. बेकरीवाल्याच्या बायकोला कोपराची खूण तेवढी शिकव. ती केली की तो जेवायला येतो.

अप्पा

•

१६ मार्च

अप्पा,

तुमचं पत्र शनिवारी दुपारी आलं. वाचलं, दुकानात गेले आणि एका गिऱ्हाइकाच्या दोन्ही काचा तडकवल्या. सात वर्षांत पहिल्यांदा.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. हे आधी लिहून टाकते म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको. माझ्या डोळ्यांसमोर ते पिल्लू पुलावर उभं आहे आणि ते तिथून हलत नाही. तुम्ही आतून बघत होतात, अप्पा. वर्षभर. त्यावर मला जे म्हणायचंय ते मी पाटीवर लिहून तुमच्या तोंडासमोर धरणार आहे, आणि तुम्ही ते वाचायचं, मान फिरवायची नाही.

रविवारी बेकरीवाले आले. मी त्यांना खरं काय ते सांगितलं, की कुत्रा माझ्या वडिलांचा आहे आणि आता मी तो देत नाही. बायको चिडली, आणि बरोबर चिडली. "आमच्याकडून सतरा कागद भरून घेतलेत, तुमचा नियम फक्त आम्हाला का?" म्हणाली. मी गटाच्या निवड समितीतून त्याच क्षणी बाहेर पडले. पुढच्या आठवड्यात एक पिवळी बॉक्सर येतेय, ती त्यांची. बाई अजून माझ्याशी बोलत नाही.

मग मी रीतसर अर्ज केला. इतर कोणी करावा तसा. पाहणीला केस कापणारी आली आणि मी तिला जे जे शिकवलंय ते सगळं तिने माझ्यावरच उलटवलं. मागची कडी सैल आहे. उंदराचं औषध खालच्या फळीवर आहे. अंगणातली पायरी मोडकी आहे. वर विचारते कशी, "घरात अजून कोण?" मी म्हटलं, कोणी नाही. ती म्हणाली, "दिवसभर तू दुकानात. बहिऱ्या कुत्र्याला दिवसभर एकटं ठेवायचं नाही हा नियम कोणाचा?" माझाच. अर्ज नामंजूर. माझा अर्ज, माझ्या चेलीने, माझ्या नियमाने! रागाने मी तिला चहासुद्धा विचारला नाही.

दोन दिवस धुमसले. मग दुसरा अर्ज भरला. कडी बसवली, औषध फेकलं, पायरीच्या जागी उतार करून घेतला. चार पायांची काठी त्यावरून नीट जाते, मी सुताराला मापं दिली होती. "घरात अजून कोण" या रकान्यात लिहिलं : वडील, वय ७६, दिवसभर घरी. तिने सही केली. म्हणजे आता तुम्ही आला नाहीत तर मी गटाला खोटं लिहिलं असं होईल, आणि आपल्या घरात कागदावर खोटं लिहिणारं एक माणूस पुरे आहे.

नियम मोडलेला नाही. तुम्ही दिलेला कुत्रा तुम्हाला परत मिळत नाहीये. चुन्या माझा आहे, कागदावर माझं नाव आहे. तुम्ही फक्त त्याच घरात राहणार आहात. नसेल जमत तर राहा चौथ्या मजल्यावर मलम लावून घेत.

गुरुवारी सकाळी नऊला टपालवाला धाकट्याच्या इमारतीखाली येईल. तुम्हाला दोन तास आणून पुढच्या गाडीत बसवेल. चार गाड्या, चार माणसं, तीच वाट. एका दमात तुमचा खुबा एवढा प्रवास सोसणार नाही असं डॉक्टर म्हणाले, आणि टप्प्याटप्प्याने आणायचं आमच्या लोकांना चांगलं जमतं. सोबत कागद असेल. तो मी भरलाय, खाडाखोड करू नका. त्यात लिहिलंय : बहिरे आहेत, हट्टी आहेत, पाणी वेळेवर द्यावं, झोपले असतील तर एकदम हात लावू नये. मालक जिवंत आहे.

इथे आल्यावर मी तुमच्याशी बोलेन असं समजू नका. किती दिवस ते मला माहीत नाही. खोली खिडकीजवळची दिलीय. चुन्याला दुपारी चारला बाहेर न्यायचं काम तुमचं, उतारावरून फाटकापर्यंत आणि परत, डॉक्टरांनी तेवढंच सांगितलंय.

चहा झाला की मी हाक मारणार नाही. कोपरावर दोनदा ठोकेन. दोघांनीही यायचं.

ठिणगी